तिकीट नाही, साल नाही आणि कोपऱ्यात 'पावणेएकोणीस'... हे जुनं अमेरिकन टपाल काय प्रकार आहे?

जर्सीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, शाळेत असताना मॅग्यार पोस्टाची, म्हणजे हंगेरीची, आणि भूतानची तिकिटं वहीत डिंकाने चिकटवली होती तेवढाच आपला अनुभव. झालं असं की गेल्या शनिवारी बायको इथल्या एका अँटिकच्या दुकानात जुना आरसा बघत होती आणि मी कंटाळून इकडेतिकडे करत होतो, तर एका कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात जुनी पत्रं उभी लावून ठेवलेली दिसली. प्रत्येकी दहा डॉलर. चार उचलली. का उचलली म्हणाल तर अक्षर इतकं सुंदर होतं की परत ठेववेना.

आता घरी आणून बघतोय तर काही टोटलच लागत नाहीये. एकालाही पाकीट नाही, पत्राचाच कागद घड्या घालून पाकिटासारखा केलाय आणि मागे लाल लाखेचा ठिपका. तिकीटही एकालाही नाही, आणि निघून पडलंय म्हणावं तर तशी खूणही नाही. पहिल्यावर न्यूयॉर्कचा गोल लाल शिक्का, आत मार्च १४, पण साल नाही, पत्ता बोस्टनच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचा आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात शाईने १८ आणि त्यापुढे बारीक ३/४. म्हणजे पावणेएकोणीस?? सेंट?? पाऊण सेंटाचं नाणं होतं का यांच्याकडे? दुसऱ्यावर तेच अक्षर, तोच पत्ता, तसाच शिक्का, फक्त एप्रिलचा, आणि कोपऱ्यात साडेसदतीस. तिसरं बाल्टिमोरहून फिलाडेल्फियाला, निळा शिक्का, 'पेड' असा ठसा आणि ५. चौथ्याला तर शिक्काच नाही, गावाचं नाव आणि तारीख कोणीतरी हातानेच लिहिलीय आणि कोपऱ्यात 'फ्री'.

तर प्रश्न असे की ही खरी आहेत का, साल कसं काढायचं, आणि मला गंडवलंय का. बायको म्हणते चाळीस डॉलरची रद्दी आणलीस.

कोथरूडचा_कट्टा

पावणेएकोणीस सेंटाचं पत्र दहा डॉलरला, म्हणजे गंडवलंच की राव. वहिनी बरोबर बोलतायत. (मला काही माहीत नाही, पण धागा वाचतोय, कुणीतरी जाणकार येऊ दे.)

टपालवेडा

पाहुणे, गंडवलं वगैरे काही नाही, उलट वर्णनावरून सरळ साधी चांगली कव्हरं दिसतायत (कव्हर म्हणजे टपालातून गेलेलं पाकीट किंवा घडीचं पत्र). याला स्टॅम्पलेस कव्हर म्हणतात, आणि साधी स्टॅम्पलेस इतकी स्वस्त मिळतात की ती खोटी बनवण्यात कुणाला काही सुटत नाही.

तिकीट का नाही, तर तिकीट नावाची वस्तूच नव्हती. अमेरिकेत सगळ्या देशासाठी म्हणून पहिली तिकिटं निघाली १ जुलै १८४७ ला, पाच सेंटांवर फ्रँकलिन आणि दहा सेंटांवर वॉशिंग्टन. आणि तीसुद्धा लावलीच पाहिजेत असं नव्हतं, सक्ती झाली थेट १ जानेवारी १८५६ पासून. तिकिटं यायच्या आधी पोस्टमास्तर कोपऱ्यात आकडा लिहायचा आणि बहुतेक वेळा पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. पाठवणाऱ्याने आधीच भरले असतील तरच 'पेड' यायचं. आपल्याकडे घेणाऱ्याने पैसे भरायचं बेरंग पत्र असायचं ना तसंच, फक्त इथे बेरंग हाच नियम.

आता पाकीट का नाही ते ऐका, कारण सगळी मजा त्यात आहे. १८४५ पर्यंत दर दोन गोष्टींवर ठरायचा, अंतर किती आणि कागद किती. वजन नाही, कागदांची संख्या! एक कागद एक दर, दोन कागद दुप्पट, तीन कागद तिप्पट. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरला जायचा, मग फुकट दुप्पट पैसे कोण भरेल, म्हणून लोक मोठा कागद घ्यायचे, तीन बाजूंवर लिहायचे, चौथी पत्त्याला मोकळी ठेवायची आणि घडी घालून लाख लावायची. जागा संपली तर कागद आडवा फिरवून लिहिलेल्यावरच पुन्हा काटकोनात लिहायचे, अशी पत्रं वाचताना डोळे फुटतात.

दर १ मे १८१६ पासूनचे असे होते: तीस मैलांपर्यंत सहा सेंट, ऐंशीपर्यंत दहा, दीडशेपर्यंत साडेबारा, चारशेपर्यंत साडेअठरा आणि त्यापुढे कुठेही पंचवीस. १८२५ मध्ये त्या साडेअठराचे पावणेएकोणीस केले. एवढा पाव सेंट वाढवून सरकारला काय मिळालं असं वाटेल, पण कारण नाण्यांचं आहे. तेव्हा अमेरिकेत व्यवहारात स्पॅनिश चांदीची नाणी सर्रास चालायची, कायद्याने १८५७ पर्यंत चालायची. एका डॉलरचे आठ रियाल, म्हणजे एक रियाल साडेबारा सेंटांचा, अर्धा रियाल सव्वासहाचा, आणि दीड रियाल? पावणेएकोणीस! आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया आणि त्यात चवली-पावली तसंच हे, आजही अमेरिकेत जुनी माणसं पाव डॉलरला 'टू बिट्स' म्हणतात ते हेच दोन रियाल. तेव्हा पाऊण सेंटाचं नाणं नव्हतं, माणूस खिशातून दीड रियाल काढून द्यायचा.

न्यूयॉर्क ते बोस्टन अंतर दीडशेच्या वर आणि चारशेच्या आत, त्यामुळे तुमचं पहिलं कव्हर चपखल बसतं. म्हणजे साल १८२५ ते ३० जून १८४५ यांच्यामधलं कुठलंतरी. नेमकं साल हवं तर पत्र उघडा, आतल्या पानावर डोक्यावर तारीख असेल, तेव्हाच्या शिक्क्यात साल सहसा नसायचंच. आणि आणखी एक बघा, घडी घातल्यावर जी अरुंद पट्टी राहते तिच्यावर आडवं काही लिहिलंय का. व्यापारी लोक पत्र फाइलला लावताना तिथे कुणाचं, कुठल्या तारखेचं, कधी पोचलं, उत्तर कधी दिलं ते लिहून ठेवायचे. माझ्याकडे एक पत्र आहे त्यात आतली तारीख उंदराने खाल्लीय पण या पट्टीमुळे साल मिळालं.

तिसरं सोपं आहे. १ जुलै १८४५ पासून कागद मोजणं बंद झालं आणि वजन आलं, अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा. मग १ जुलै १८५१ ला आधी भरलेल्या पत्राचा दर तीन सेंट झाला, आधी न भरलेल्याचा पाचच राहिला. तुमच्यावर 'पेड' आणि ५ दोन्ही आहे ना, म्हणजे १८४५ ते १८५१ च्या मधलं. निळी शाई बाल्टिमोरला तेव्हा नेहमीची.

चौथं लहान गावातल्या पोस्टमास्तरचं असावं. त्यांना स्वतःची पत्रं फुकट पाठवायची सवलत होती, कोपऱ्यात सही आणि पुढे पी.एम., म्हणजे पोस्टमास्तर, दिसतं का बघा. आणि हाताने लिहिलेलं गावाचं नाव बघून निराश होऊ नका, लहान ऑफिसात शिक्काच नसायचा, पोस्ट ऑफिस म्हणजे बऱ्याचदा वाण्याच्या दुकानातलं एक कपाट. ते ऑफिस पुढे बंद पडलं असेल तर त्या राज्याचं टपाल जमवणारे लोक त्याच्या मागे लागतात.

साडेसदतीसबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही. तुम्हीच गणित करा आणि सांगा :)

इतिहासाचा_किडा

टपालवेडा, मी सांगतो मी सांगतो. साडेसदतीस म्हणजे युद्धाचा दर! १८१२ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईचा खर्च काढायला काँग्रेसने टपाल दीडपट केलं होतं, १ फेब्रुवारी १८१५ ते ३१ मार्च १८१६. पंचवीसचे दीडपट साडेसदतीस. आणि जोक असा की तह झाला होता २४ डिसेंबर १८१४ ला गेंटला, पण बातमी जहाजाने अटलांटिक ओलांडून यायला फेब्रुवारी उजाडला, म्हणजे लोकांनी संपलेल्या लढाईचा टॅक्स वर्षभर भरला. पाहुणे, तुमच्या हाती लॉटरी लागलीय, या चौदा महिन्यांची कव्हरं लोक मुद्दाम शोधतात.

टपालवेडा

किडा, युद्धाच्या दराची माहिती शंभर टक्के बरोबर, पण गाडी चुकीच्या फलाटावर. तो पंचवीसचा दर तेव्हा, म्हणजे मी वर दिलेले १८१६ चे दर यायच्या आधी, पाचशे मैलांच्या पुढे होता. न्यूयॉर्कहून बोस्टन पाचशे मैल कधीपासून झालं? आणि त्याच माणसाचं त्याच पत्त्यावरचं दुसरं पत्र पावणेएकोणीसचं आहे. हां, आता तुझ्या बाजूने एक सांगतो, युद्धाच्या काळात साडेबाराचेही दीडपट होऊन पावणेएकोणीसच यायचे, म्हणून नुसता आकडा बघून साल सांगायचं नाही, अंतर मोजल्याशिवाय तर मुळीच नाही. पण तेव्हा पावणेएकोणीस हे नव्वद ते दीडशे मैलांना होतं, बोस्टन त्यात बसत नाही.

इतिहासाचा_किडा

मान्य, नांगी टाकली.

माहीमची_मावशी

जर्सीच्या पाहुण्या, तू उत्साहात काही करायच्या आधी माझं ऐक. मी पंचवीस वर्षं कव्हरं जमवतेय, त्यातली पहिली पाच वर्षं वाट लावण्यातच गेली. माझं अगदी पहिलं अमेरिकन कव्हर फिलाडेल्फियाचं होतं, घड्या फार वर आलेल्या म्हणून मी शहाणीने त्याच्यावर हलक्या हाताने इस्त्री फिरवली. लाखेचा ठिपका वितळला, कागदातून आरपार गेला आणि बरोबर शिक्क्याच्या मधोमध तांबडा तेलकट डाग पडला, अजून ठेवलंय ते कपाटात, बघितलं की पोटात गोळा येतो. तेव्हा इस्त्री नाही, पाणी नाही, सेलोटेप तर चुकूनही नाही आणि लॅमिनेशन करणाऱ्याच्या दुकानासमोरून जाऊसुद्धा नकोस. दुकानदाराने मागे पेन्सिलने काही खरडलं असेल तर तेही खोडू नकोस, त्यातून कव्हर आधी कुणाकडे होतं ते कळतं कधीकधी.

तेव्हाची शाई लोखंडाची असायची, काही पत्रांत ती कागद खात जाते, अक्षराच्या जागी भोक पडतं. अशी पत्रं सारखी उघडमीट करायची नाहीत. एकदा सावकाश उघड, टेबलावर सपाट ठेव, फोटो काढ आणि परत मूळ घडीवर बंद कर. मग मायलारच्या (कागदाला न बाधणारं पारदर्शक प्लास्टिक) स्लीव्हमध्ये घाल, साध्या पीव्हीसीच्या पिशवीत नको, ती काही वर्षांनी चिकट होते. तुमच्याकडे हवा कोरडी तरी आहे, आमच्या माहीमला पावसाळ्यात कसर आणि बुरशी दोघी मिळून जेवायला बसतात.

आणि शिक्का तेवढा सुंदर आहे म्हणून चौकोनी कापून अल्बमात लावायचा मोह होईल. पूर्वी लोक तेच करायचे, हजारो पत्रांची वाट लागली त्यात. कापलेल्या तुकड्यावरून ना अंतर कळतं ना दर ना तारीख, नुसता ठसा उरतो.

पुढे कधी १८४७ च्या तिकिटाचं कव्हर घ्यायचा विचार आला तर मात्र सावध. स्टॅम्पलेस कव्हर पाच-दहा डॉलरचं, त्यावर सुटं तिकीट चिकटवलं की शेकड्यांत जातं, त्यामुळे हा धंदा जोरात चालतो. रद्द केल्याचा ठसा तिकिटावरून कागदावर उतरलाय का ते भिंगाखाली बघायचं, आणि पत्राची तारीख तिकिटाच्या आधीची तर नाही ना तेही. पन्नास मैलांवर जाणाऱ्या हलक्या पत्रावर दहा सेंटांचा वॉशिंग्टन दिसला की मी आधी विक्रेत्याच्या तोंडाकडे बघते. महाग घेणार असशील तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचं सर्टिफिकेट असल्याशिवाय पैसे काढू नकोस. एका विक्रेत्याने मला 'ताई, माझा शब्द आहे' म्हणून गळ्यात घातलेलं कव्हर सर्टिफिकेटला पाठवलं तर तिकीट नंतर लावलंय असं लिहून आलं.

कोथरूडचा_कट्टा

मावशी भारी. पण मला एक सांगा, सगळ्यात महाग काय गेलंय यातलं? म्हणजे पाहुण्यांच्या बायकोला दाखवायला काहीतरी पाहिजे.

टपालवेडा

१८४५ ते १८४७ मध्ये सरकारी तिकिटं यायच्या आधी काही गावांच्या पोस्टमास्तरांनी स्वतःचीच तिकिटं छापली होती, न्यूयॉर्क, सेंट लुईस, प्रॉव्हिडन्स वगैरे. त्यातलं व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचं निळ्या कागदावरचं पाच सेंटांचं तिकीट असलेलं एकच कव्हर जगात आहे, 'ब्लू बॉय' म्हणतात, १९८१ मध्ये ते दहा लाख डॉलरला गेलं. ते एका चोरून प्रेम करणाऱ्या मुलाचं १८४७ मधलं पत्र आहे, घरच्यांचा विरोध म्हणून त्याने मुलीला लिहिलं होतं, नेहमीप्रमाणे जाळून टाक. बाकीची तिने जाळली असणार. हे तेवढं राहिलं.

नगरी_बाणा

मी इथे फक्त वाचत असतो पण आज राहवेना. पाहुणे, त्या खोक्यात अजून पत्रं असतील तर 'शिप' असा ठसा असलेलं काही आहे का बघा. कारण सांगतो. आमच्या नगरला अमेरिकन मिशन १८३१ पासून आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांचं ज्ञानोदय हे नियतकालिक इथूनच १८४२ ला सुरू झालं. पण त्याच्या आधी १८१३ मध्येच गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी मुंबईला उतरले होते. ही सगळी मंडळी बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची, त्यामुळे मुंबईहून नि नगरहून पत्रांचा ओघ बोस्टनकडे. बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत, पण घरच्यांना, भावाबहिणींना लिहिलेली पत्रं कुटुंबांकडून बाहेर येतात आणि बाजारात फिरतात. सुरुवातीला ती आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून यायची, चार-पाच महिने सहज. मुंबईत कप्तानाच्या हातात पत्र दिलं की झालं, त्यामुळे बाहेरून मुंबईचा एकही शिक्का नसतो, वर नुसतं 'शिप' आणि आकडा, आत उघडलं की डोक्यावर 'बॉम्बे'. विकणाऱ्याने उघडलंच नसेल तर त्याला पत्ताच नसतो की हे कुठून आलंय. मला एक असं मिळालं, त्यात बाईने बहिणीला लिहिलंय की इथे आंबा नावाचं फळ असतं आणि ते खाताना कपडे वाचवता येत नाहीत. त्या जागी मी पत्र बाजूला ठेवून दहा मिनिटं हसत होतो.

टपालवेडा, शिपच्या आकड्यांचं तुम्ही सांगा, मला ते कधी पाठ होत नाही.

टपालवेडा

आंब्याचं पत्र! बाणा, त्याचा फोटो वेगळ्या धाग्यावर टाका, विनंती नाही, हुकूम.

शिप लेटरचं असं. जहाज ज्या बंदराला लागलं त्याच गावचा पत्ता असेल तर सरळ सहा सेंट. पुढे दुसऱ्या गावी जायचं असेल तर दोन सेंट अधिक नेहमीचा अंतराचा दर, ते दोन सेंट म्हणजे कप्तानाची पत्रामागे मिळकत. म्हणजे मुंबईचं पत्र बोस्टनला उतरून बोस्टनलाच गेलं तर सहा. सेलमला उतरून बोस्टनला गेलं तर सहा आणि दोन आठ. आणि न्यूयॉर्कला उतरून बोस्टनला गेलं तर पावणेएकोणीस अधिक दोन, पावणेएकवीस. पावणेएकवीस हा आकडा कुठल्याच साध्या दरात बसत नाही, त्यामुळे 'शिप'चा ठसा पुसट असला, अगदी दिसलाच नाही, तरी आकडा चुगली करतो.

जर्सीचा_पाहुणा

मंडळी, काल रात्री मुलं झोपल्यावर डायनिंग टेबल पुसून कोरडं केलं आणि मावशींनी सांगितलं तसं एकेक उघडलं. बायकोही बसली शेजारी, आधी रद्दी म्हणणारी, नंतर मला अक्षरं लावून देत होती कारण तिला ती वळणदार 'एस' माझ्यापेक्षा पटकन कळते.

पहिल्यात डोक्यावर १४ मार्च १८३१, कापसाच्या भावाबद्दल रटाळ काहीतरी. तिसऱ्यात १८४८, म्हणजे टपालवेडा म्हणाले त्या सहा वर्षांतच. चौथ्यात कोपऱ्यात सही आणि पी.एम. आहे! पोस्टमास्तर गावातल्या चार जणांची वर्तमानपत्राची वर्गणी पाठवतोय आणि एकाचा अंक बंद करा म्हणतोय कारण तो पैसे न देताच गाव सोडून गेला.

आता साडेसदतीस. पावणेएकोणीस दुणे साडेसदतीस, म्हणजे दोन कागद, एवढं गणित मला ऑफिसातच सुचलं होतं. पण उघडलं तर आत एकच कागद! मागेपुढे बघितलं, घडीत हात घालून बघितलं, काही नाही. मला वाटलं पोस्टमास्तरने त्याला लुटलं. मग बायकोने तिसरी ओळ लावली. ६ एप्रिल १८३१, तो लिहितोय की सोबत बँकेच्या नोटेचा अर्धा भाग पाठवत आहे, पोचल्याचं कळवा म्हणजे उरलेला अर्धा पुढच्या टपालाने पाठवतो. नोट कापून पाठवली होती त्याने! आणि बाजूच्या त्या अरुंद पट्टीवर वेगळ्या अक्षरात, बारीक, एप्रिल ८ ला मिळालं आणि त्यापुढे फक्त 'अर्धी नोट'. तो तुकडा म्हणजे दुसरा कागद. आता नीट बघितलं तर पत्राच्या आत, मधल्या घडीला एक आयताची फिकट छाप आहे, बोटभर लांबीची, तिथेच ठेवली असणार.

टपालवेडा

पाहुणे, ती छाप आडव्या उजेडात धरून फोटो काढा, प्लीज. नोटा कापून दोन टपालांनी पाठवणं आपल्याकडेही इंग्रजांच्या राज्यात चालायचं, वाटेत लुटलं तरी चोराच्या हाती अर्धीच, पण साडेसदतीसचा दर, पत्रातली ओळ, पट्टीवरची नोंद आणि छाप असं सगळं एका कव्हरवर मी बघितलेलं नाही. दहा डॉलरला!

आणि दुसरी अर्धी नोट गेली ते पत्रही साडेसदतीसचंच असणार, त्याच हाताचं, त्याच पत्त्यावरचं, एप्रिलच्या मधल्या किंवा शेवटच्या तारखेचं. तुमची पहिली दोन एकाच खोक्यातून आली ना?

माहीमची_मावशी

अरे मग इथे काय टाइप करत बसलायस, दुकान किती वाजता उघडतं?

जर्सीचा_पाहुणा

शनिवारी दहाला. खोक्यात अजून वीसेक तरी होती. आरसा घ्यायचा राहिलाय असं आमचं घरी ठरलंय.